हरदित सिंग मलिक : ससेक्सचा बॅट्समन, कॅमलचा पायलट, आणि पायात राहिलेलं शिसं

गोदाकाठ

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज रविवार आहे, घरात शांतता आहे तर लिहूनच टाकतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा नांदेडचा. आमच्याकडे गल्लीच्या टीममध्ये एकदोन सरदार पोरं असणं ही काही विशेष सांगायची गोष्ट नाही. माझा एक मित्र आमचा ओपनर, पटका बांधून खेळायचा, टेनिस बॉलवर कधी काही प्रश्न आला नाही. मग एका लेदर बॉल टुर्नामेंटला आयोजक म्हणाले हेल्मेटशिवाय बॅटिंगला सोडणार नाही, आणि तिथली दोन्ही हेल्मेटं त्याच्या पटक्यावर बसेनात. कोणीतरी म्हणालं, "अरे काढ ना ते अर्ध्या तासापुरतं." तो एक शब्द बोलला नाही. खाली बसून पॅडचे पट्टे एकेक करून सोडले, पॅड नीट घडीसारखे एकमेकांवर ठेवले आणि बाउंड्रीच्या पलीकडे लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला. आम्ही ती मॅच दहा जणांत खेळलो आणि हरलो. ते पट्टे सोडणारे हात मला अजून दिसतात, कारण तेव्हा आमच्यापैकी एकालाही त्याच्या बाजूने बोलायचं सुचलं नाही.

त्यानंतर खूप वर्षांनी मी हरदित सिंग मलिक हे नाव पहिल्यांदा वाचलं, आणि पहिला विचार त्या हेल्मेटचाच आला. का ते खाली येईल.

जन्म २३ नोव्हेंबर १८९४, रावळपिंडी. घर सधन. चौदाव्या वर्षी पोरगा शिकायला इंग्लंडला गेला, पुढे ईस्टबोर्न कॉलेज, मग ऑक्सफर्डचं बेलियल कॉलेज. अभ्यासात ठीकठाक पण खेळात एकदम पुढे. क्रिकेट तर होतंच, शिवाय गोल्फ, आणि गोल्फमध्ये ऑक्सफर्डचा ब्लू (विद्यापीठाच्या टीमकडून खेळल्याचा मान) मिळवण्याइतका चांगला. १९१४ च्या सीझनला ससेक्सकडून प्रथम श्रेणीचे सामने खेळला. ससेक्स म्हणजे रणजींची काउंटी, पुढे दुलीपसिंहजींची पण तीच. या दोघांच्या मध्ये हा तिसरा भारतीय, डोक्यावर पगडी घालून खेळलेला, आणि क्रिकेटवर तासन् तास बोलणाऱ्या आपल्या लोकांना त्याचं नावसुद्धा माहीत नसतं, मलाही नव्हतं.

तो सीझन संपायच्या आतच ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. बरोबरचे इंग्रज दोस्त पटापट अधिकारी म्हणून भरती झाले. मलिकला मात्र तसं कमिशन मिळेना, भारतीयाला सैन्यात गोऱ्यांच्या बरोबरीचं किंग्ज कमिशन त्या वेळी देतच नव्हते. हॉस्पिटलमध्ये हरकाम्या म्हणून घेऊ म्हणाले. आता बघा, ज्या पोरांबरोबर तो एका टेबलावर जेवला, एका ड्रेसिंग रूममध्ये बसला, ती पोरं लेफ्टनंट आणि हा वॉर्डबॉय. तो तिथे गेला नाही. बेलियलचे त्याचे ट्यूटर होते फ्रान्सिस उर्कहार्ट, विद्यार्थी त्यांना स्लिगर म्हणायचे, त्यांनी खटपट करून त्याला फ्रेंच रेड क्रॉसमध्ये चिकटवलं. १९१६ मध्ये मलिक फ्रान्समध्ये ॲम्ब्युलन्स चालवत होता.

तिथून त्याने फ्रेंच हवाई दलात जायची तयारी चालवली आणि फ्रेंच त्याला घ्यायला तयार झाले. हे कळल्यावर उर्कहार्टनी थेट जनरल डेव्हिड हेंडरसनना पत्र घातलं, ब्रिटिश सैन्याचा विमानविभाग ज्यांच्या हाताखाली होता तेच हे. मुद्दा असा की हा माणूस फ्रेंचांना चालतो आणि आपल्याच राजाचा प्रजाजन असून आपल्याला चालत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. हेंडरसननी मुलाखत घेतली आणि एप्रिल १९१७ मध्ये मलिक रॉयल फ्लाइंग कोअरचा कॅडेट झाला. मला हा ट्यूटर फार आवडतो. त्याने मोर्चा काढला नाही की भाषण ठोकलं नाही, योग्य माणसाला नेमक्या शब्दांत एक पत्र लिहिलं, आणि मुख्य म्हणजे लिहिलं. आम्ही त्या ग्राउंडवर तेवढंसुद्धा केलं नव्हतं.

आता हेल्मेट. तेव्हाची विमानं उघडी, वर थंडी मरणाची, पायलट लोक चामड्याची टोपी घालायचे. मलिकने पगडी काढली नाही, तर पगडीवरून बसेल अशी मोठी टोपी खास बनवून घेतली. ती घालून तो निघाला की डोकं एवढं मोठं दिसायचं की लोकांनी नाव पाडलं फ्लाइंग हॉबगॉब्लिन, आपल्या भाषेत उडता वेताळच म्हणा. म्हणजे प्रश्न अगदी माझ्या मित्रासारखाच, डोकं आणि टोपी जुळत नाहीत, तर लहान काय करायचं? मलिकने टोपी मोठी करून घेतली.

ट्रेनिंग तेव्हाचं म्हणजे आज ऐकून अंगावर काटा येईल, दोनतीन तास कोणाबरोबर उडायचं की लगेच एकट्याने सोलो. एप्रिलमध्ये भरती झालेला पोरगा ऑक्टोबरात फ्लँडर्सच्या आघाडीवर २८ स्क्वाड्रनमध्ये सोपविथ कॅमल हे लढाऊ विमान उडवत होता. फ्लाइट कमांडर होता विल्यम बार्कर, कॅनडियन, पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला, ५० विमानं पाडलेला माणूस. धाडसी म्हणावं की अविचारी, दोन्ही म्हणा.

२६ ऑक्टोबर १९१७. पॅशनडेलची शेवटची झुंज त्याच दिवशी सुरू झाली. पाऊस, खाली आलेले ढग, उडायचा दिवसच नव्हता. बार्करने तरी परवानगी काढली आणि मलिकला आणि आणखी दोघांना घेऊन जर्मन हद्दीत घुसला. तिथे जर्मन विमानांचा घोळका अंगावर आला आणि सगळे विखुरले. मलिकने एक पाडलं, पण चारजण त्याच्या मागे लागले. एक गोळी पेट्रोलच्या टाकीतून आरपार होऊन त्याच्या उजव्या पायात शिरली. जरा थांबून विचार करा या वाक्याचा. कॅमल म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं रोगण लावलेलं कापड, ब्रिटिश पायलटला पॅराशूट देत नव्हते, टाकी फुटून पेट्रोल सांडतंय, पुढे इंजिन तापलेलं, आणि गोळी येते ती टाकीतून. पेट घ्यायला एक ठिणगी पुरे होती, ती पडली नाही. पाय बधिर, रक्त जातंय, मागून चौघं पाळीपाळीने गोळ्या झाडतायत आणि हा जमिनीलगत वाकडातिकडा उडत आपल्या हद्दीकडे पळतोय. शेवटी आपल्या बाजूला कसाबसा आपटला आणि शुद्ध गेली.

विमानात नंतर ४०० च्या वर भोकं मोजली.

चारशे! ज्या विमानाची लांबी जेमतेम पावणेसहा मीटर आहे त्यात. एवढ्या गोळ्या आल्या आणि माणसाला लागल्या त्या फक्त पायात. डॉक्टरांनी पायातलं सगळं शिसं काढलं नाही, काही तुकडे आतच राहिले आणि ते घेऊनच तो पुढचं आयुष्य जगला. तेविसावा वाढदिवस अजून महिनाभर लांब होता.

बरा झाला आणि पुन्हा उडायला लागला, पण नंतर त्याला एरंडेल तेलाची ॲलर्जी निघाली आणि कॅमल सुटलं (एरंडेलाचा काय संबंध हे इथे कोणी इंजिनवालं असेल तर सांगा, माझ्यापेक्षा नीट सांगाल). मग लंडनजवळ बिगिन हिलला १४१ स्क्वाड्रनमध्ये ब्रिस्टल फायटरवर, काम लंडनवर येणारी जर्मन बॉम्बर अडवायचं. शेवटी ११ स्क्वाड्रनबरोबर जर्मनीत.

पुढचं आयुष्य पटकन सांगतो. आयसीएस झाला, १९२१ मध्ये ससेक्सकडून परत क्रिकेट खेळला, पायात ते तुकडे तसेच. लंडन, हँबर्ग, न्यूयॉर्कला व्यापार खात्याची कामं केली, मग पतियाळा संस्थानचा पंतप्रधान. १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचा कॅनडातला पहिला हायकमिशनर. १९४९ ते १९५६ फ्रान्समध्ये राजदूत, आणि याच काळात १ नोव्हेंबर १९५४ ला पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला. ज्या फ्रान्समध्ये कमिशन नाकारलेला पोरगा म्हणून ॲम्ब्युलन्स चालवली त्याच फ्रान्समध्ये देशाचा राजदूत, हे मला चारशे भोकांपेक्षा भारी वाटतं. आणि गोल्फ? ते म्हातारपणापर्यंत चालू होतं. ३१ ऑक्टोबर १९८५ ला गेले, नव्वद पूर्ण. पायातलं शिसं तोवर ६८ वर्षांचं झालं होतं.

(बघा, लिहिता लिहिता शेवटी 'गेले' झालं, सुरुवातीचा 'तो' राहू देतो, कारण विमानात बसलेला तो बावीस वर्षांचा पोरगाच डोळ्यासमोर येतो.)

---

लेगकटर

जबरदस्त धागा, वाचनखूण साठवली. नाव पहिल्यांदाच ऐकलं, लाज वाटली.

पायलट आणि क्रिकेटर म्हटलं की आपल्याला एकच आठवतो, कीथ मिलर. दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो विमान उडवायचा. ५५ कसोट्या, २९५८ रन, १७० विकेट. त्याचं पूर्ण नाव कीथ रॉस मिलर, कीथ आणि रॉस स्मिथ या वैमानिक भावांवरून ठेवलेलं, त्याचा जन्म झाला तेव्हा १९१९ च्या नोव्हेंबरात ते दोघं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमानाने निघालेले होते. म्हणजे नावातच विमान. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसची टीम १९४५ च्या शेवटी आपल्याकडे आली, मुंबईला पण खेळली, त्यात मिलर होता आणि आपला कॅप्टन विजय मर्चंट. माझ्या आजोबांच्या तोंडून या टीमचं नाव खूप ऐकलंय, फौजेतली माणसं थेट खेळायला आली याचंच त्यांना अप्रूप.

पण मलिकचं प्रकरण वेगळं आहे. मिलरला कोणी विचारलं नव्हतं की तू इथे कसा काय.

---

तिसरा_डबा

लेख चांगला आहे, मेहनत दिसते. पण एक गोष्ट खटकते ती स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लढाई कोणाची होती? इंग्रजांची. १९१९ च्या १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली, त्याच पंजाबात. हजारो पंजाबी पोरं फ्रान्सच्या चिखलात मेली आणि बदल्यात हे मिळालं. मग अशा सैन्यात घुसण्यासाठी धडपडणाऱ्याचं आपण एवढं कौतुक का करायचं? श्रीमंताघरचा पोरगा, ऑक्सफर्डचे दोस्त, त्याला त्यांच्यासारखं व्हायचं होतं, एवढंच मला यात दिसतं.

---

गोदाकाठ

तिसरा_डबा, राग कसला, प्रश्न बरोबर आहे आणि तो मलाही डाचतो. खंदकात मेलेल्या शिपायांची गोष्ट याहून मोठी आहे हे मान्य, त्यांच्यासाठी कोणा ट्यूटरने पत्र लिहिलं नाही.

पण "त्यांच्यासारखं व्हायचं होतं" हे मात्र मी मानणार नाही. त्यांच्यासारखंच व्हायचं असतं तर सर्वात सोपी गोष्ट होती, केस कापायचे आणि रेडिमेड टोपी घालायची. चौदाव्या वर्षापासून एकटा परक्या देशात, हॉस्टेलमध्ये, पोरं चिडवणार, ट्रेनिंगला सार्जंट ओरडणार, आणि एकदाही डोक्यावरची पगडी उतरली नाही. त्याला त्यांच्या बरोबरीचं व्हायचं होतं, त्यांच्यासारखं नाही, आणि या दोन्हींत खूप अंतर आहे. हे अंतर मला नांदेडच्या त्या ग्राउंडवर कळायला पाहिजे होतं.

आणि दुसरं, तेव्हा भारतीय माणूस विमान उडवू शकतो का हाच इंग्रजांच्या दृष्टीने प्रश्न होता. बादशहाचं कमिशन नाही द्यायचं ते याच नावाखाली, की यांना नेतृत्व झेपत नाही. चारशे भोकांचं विमान परत आणणारा माणूस समोर उभा असताना हे वाक्य पुन्हा बोलणं अवघड झालं असणार, एवढं तरी मानाल ना.

---

तिसरा_डबा

एवढं मानतो. बरोबरीचं आणि सारखं, हा फरक पटला. जालियनवालाबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम.

---

निवृत्त_एअरमन

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, लोहगावला बरीच वर्षं काढली. एरंडेलाचं मी सांगतो.

कॅमलचं इंजिन रोटरी. आत्ताच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि मधला दांडा फिरतो. यात उलटं, मधला दांडा विमानाला घट्ट बसवलेला आणि अख्खं इंजिन सिलिंडरसकट पंख्याबरोबर गरागरा फिरणार. असं फिरलं की वाऱ्याने थंड राहतं, वजनाला हलकं पडतं, पण तेल परत गोळा करायची सोय नाही, एकदा आत गेलं की जळून, उडून बाहेरच. पेट्रोलची वाफ या इंजिनात पोटातूनच वर जायची, त्यामुळे असं तेल लागायचं जे पेट्रोलमध्ये विरघळत नाही, आणि ते म्हणजे एरंडेल. ते धुरासकट मागे पायलटच्या तोंडावर. नाकातोंडात, कपड्यावर, चष्म्यावर सगळीकडे एरंडेल. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको की तास दोन तास ते हुंगून पोटाचं काय होत असेल. मलिकला त्याची ॲलर्जीच होती म्हणजे रोजचे हाल. ब्रिस्टल फायटरला रोल्स रॉइसचं पाण्याने थंड होणारं इंजिन, त्यात हा प्रकार नाही, म्हणून तिकडे पाठवले असतील.

आणखी एक. एवढं वजन पुढे गरागरा फिरतंय म्हटल्यावर विमान एका बाजूला ओढणारच. कॅमल उजवीकडे झटकन वळायचं आणि नाक खाली टाकायचं, डावीकडे वळताना नाक वर. सवय नसलेली शिकाऊ पोरं यातच गेली, शत्रूची गोळी न लागता. पण ज्याला ते जमलं त्याच्यासाठी तोच उजवा वळसा जीव वाचवायचा. चौघं मागे असताना हा माणूस सुटला त्याचं अर्धं कारण नशीब असेल, अर्धं त्याचे हातपाय. आणि त्यातला एक पाय गोळी लागलेला, हे विसरू नका, रडर म्हणजे शेपटीचं सुकाणू पायानेच चालतं. क्रिकेटरचं फुटवर्क म्हणतात ते असं कामाला आलं असेल असं मला तरी वाटतं.

आपलं हवाई दल निघालं ८ ऑक्टोबर १९३२ ला, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी.

---

चकलीताई

काका, काय सुंदर समजावलंत! मला गाडीचं बॉनेट उघडता येत नाही पण हे कळलं.

गोदाकाठ, मलिकबरोबर आणखी कोणी भारतीय होते का हो? मी इंद्रलाल रॉय यांच्याबद्दल वाचलं होतं, कलकत्त्याचे, वय अवघं १९. १९१८ च्या जुलैत दोन आठवड्यांत १० विमानं पाडली आणि २२ जुलैला स्वतः पडले. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. खेळाचा विषय आहे म्हणून सांगते, त्यांचे भाऊ परेशलाल रॉय बॉक्सर, भारतात बॉक्सिंग रुजवणारे म्हणून त्यांचं नाव घेतात. एका घरात एक भाऊ आभाळात आणि एक रिंगमध्ये, त्या आईचं काय होत असेल असं सारखं मनात येतं.

---

निवृत्त_एअरमन

ताई, बरोबर. आणि त्याच घरातला भाचा म्हणजे एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी, आपल्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, बाकी मलिकसाहेबांबद्दल मात्र कोणी काही सांगितलं नाही, ते आज इथे कळलं.

---

गोदाकाठ

एअरमन काका, तुमचा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा भारी आहे. रडरचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, वाचून मी खुर्चीत पाय दाबून बघितला.

चकलीताई, हो, त्या काळात तिथे चार भारतीय पायलट होते. मलिक, रॉय, एरोल चंदर सेन (हे १९१७ मध्ये पाडले गेले आणि जर्मनांच्या कैदेत राहिले) आणि चौथे आपल्या मुंबईचे, श्रीकृष्ण वेलिणकर. यांच्यावर खरं तर वेगळा धागा पाहिजे. केंब्रिजला शिकलेले, २३ स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन विमानावर. २७ जून १९१८ ला पाडले गेले, जर्मनांच्या हाती जखमी सापडले आणि तीन दिवसांनी, ३० जूनला गेले. जर्मनांनी पुरलं पण कबरीवर नाव चुकीचं पडलं, त्यामुळे घरच्यांना नक्की काय झालं हे कळायला फार वेळ गेला. मुंबईच्या घरात रोज टपालाची वाट बघत असतील. आता कबर फ्रान्समध्ये हँगार्डला आहे, बरोबर नावाची.

चारांतले दोन परत आले, दोन तिथेच राहिले. मलिकच्या चारशे भोकांचा हिशोब मी लावतो तेव्हा वेलिणकर आठवतातच.

---

भटक्या_लीलकर

नमस्कार, मी एरवी फक्त वाचतो, आज खास लॉगिन केलं. मी फ्रान्समध्ये लीलला राहतो, मूळ गाव सावंतवाडीजवळ. हँगार्ड इथून फार लांब नाही, आमियाँच्या बाजूला, गाडीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल. त्या भागात अशा दफनभूमी ठिकठिकाणी आहेत, शेताच्या मधोमध पांढऱ्या दगडांच्या रांगा, मी कितीदा बाजूने गेलोय, आत आपल्या मुंबईचं कोणी असेल असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढच्या शनिवारी जातोय. बायकोने आत्ताच विचारलं फुलं कुठली न्यायची.

---

चकलीताई

भाऊ, मोगरा मिळाला तर बघा. नाही मिळाला तर कुठलंही पांढरं चालेल. आणि उदबत्ती न्या घरातली, तिथे लावू देत नसतील तर नुसती ठेवून या.

---

गोदाकाठ

भटक्या_लीलकर, काय बोलू, थँक यू. दगडावरचं नाव नीट वाचून इथे कळवा, मी तोवर वेलिणकरांवरचं लिहायला घेतो.

आणि मंडळी, हा धागा मी माझ्या त्या मित्राला पाठवला. तो आता पोरांना क्रिकेट शिकवतो, नांदेडलाच. त्याचा संध्याकाळी फोन आला, त्या मॅचबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही बोललो, मी सॉरी म्हणालो तर म्हणाला सोड रे, त्या हेल्मेटचं सांग, मोठं करून कोणी दिलं त्याला, कुठल्या कारागिराने, शिलाई कशी घातली असेल, कारण माझ्याकडे आत्ता तीन पोरं आहेत पटकावाली आणि लेदर बॉलचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतोय.